३३ अंश म्हणजे गार हवा? कोकणातला उकाडा नक्की मोजायचा कशावर?

सड्यावरचा (९ मे, सकाळी ७.४०)

मंडळी, प्रश्न कामाचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रत्नागिरीच्या दक्षिणेला सड्यावर (कातळाच्या पठारावर) आमची हापूसची बाग आहे आणि बागेला लागूनच पॅकिंगची शेड. शेड पत्र्याची. झाडावर झेले (आंबे उतरवायच्या जाळीच्या काठ्या) घेऊन गडी, शेडमध्ये प्रतवारी आणि पेट्या भरणाऱ्या बायका. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, मध्ये जेवणाची सुट्टी. वर्षानुवर्षं हेच चालत आलंय.

परवा दुपारी अडीचच्या सुमारास शेडमध्ये एका काकूंना भोवळ आली. बाहेर झाडाखाली आणून निजवलं, ओल्या फडक्याने पुसलं, मीठ घातलेलं कोकम सरबत दिलं. अर्ध्या तासात बऱ्या झाल्या, घरी पोचवून आलो. त्या वेळी फोन दाखवत होता तापमान ३३ आणि खाली बारीक अक्षरात 'जाणवणारे ४३'. दुसऱ्या अॅपवर ३९. तिसऱ्यावर ४१.

संध्याकाळी नागपूरच्या मेहुण्यांना सांगितलं तर म्हणाले, "तेहतीसला भोवळ? आमच्याकडे त्रेचाळीसला वराती निघतात!"

तर विचारायचं असं, की हे जाणवणारं तापमान खरोखर काही असतं, की अॅपवाल्यांची अटकळ? आणि माणसांच्या कामाची वेळ कोणत्या आकड्यावर ठरवायची? माझं मत सांगून ठेवतो. नुसता सावलीतला पारा बघून कामाच्या वेळा लावणं आपल्या किनाऱ्यावर धोक्याचं आहे. पण मतावर शेड चालत नाही, जाणकारांनी लिहा.

मिऱ्याकाठ (सकाळी ८.०५)

आज तर माडाचं झाप हलत नाहीये. आंघोळ करून बाहेर आलो आणि टॉवेल खांद्यावरून काढायची सोय नाही.

वऱ्हाडी_ठेचा (सकाळी ८.३१)

मी अकोल्याचा, नोकरीमुळे तीन जिल्हे फिरलो, अलिबागलाही राहून झालंय. तरी मेहुण्यांच्या बाजूने बोलतो. पंचेचाळीस म्हणजे काय हे किनाऱ्यावरच्या माणसाला कळणार नाही भाऊ. दुपारी गाडीच्या दाराला हात लावला की कातडी सोलते. लू लागून माणसं मरतात. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, माठातलं पाणी पिऊन बाहेर पडायचं. तुमच्याकडे घाम येतो, चिकचिक होते, हे मान्य. पण घामाने वैताग येणं वेगळं आणि जिवाला धोका वेगळा.

प्रयोगवही (सकाळी १०.२०)

शाळेत विज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे थोडं पाल्हाळ होईल.

शरीराचं आतलं तापमान ३७ च्या आसपास राहावं लागतं आणि त्वचा साधारण ३५ वर असते. काम करताना स्नायू सतत उष्णता तयार करतात, ती बाहेर टाकायलाच हवी. हवा त्वचेपेक्षा बरीच गार असेल तर ती आपोआप जाते. हवा ३३-३४ झाली की तो रस्ता जवळजवळ बंद होतो आणि उरतो घाम. एक लिटर घाम अंगावरच पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. यात 'वाळला' हा शब्द महत्त्वाचा. जो घाम हनुवटीवरून टपकतो त्याने काहीही थंडावा मिळत नाही, नुसतं अंगातलं पाणी आणि मीठ जातं.

घाम वाळणार की टपकणार हे हवेत आधीच किती बाष्प आहे त्यावर ठरतं. ते कळण्यासाठी सगळ्यात प्रामाणिक साधन म्हणजे ओल्या फुग्याचा थर्मामीटर. साध्या थर्मामीटरच्या फुग्याला मलमलची वात गुंडाळायची, वातीचं टोक पाण्यात, आणि पंख्याने वारा घालायचा. तो जितका खाली उतरतो, तितकंच बाष्पीभवन तुमच्या कातडीला त्या हवेत मिळू शकतं.

आता वऱ्हाडी दादांसाठी. अकोल्यात किंवा नागपुरात ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओला फुगा साधारण २२ वर थांबतो. आपल्याकडे ३३ अंश आणि ६८ टक्के असेल तर तो २८ वर अडकतो. म्हणजे कोरडा पारा त्यांचा नऊ अंशांनी जास्त, पण घामाला मिळणारी सवलत त्यांचीच मोठी. ते ४२ मध्ये पाणी पीत राहिले तर शरीर लढू शकतं. आपण ३३ मध्ये पाणी पितो आणि ते तसंच गळून जातं.

ओला फुगा ३५ वर गेला तर निरोगी माणूससुद्धा सावलीत, स्वस्थ बसून, काही तासांपलीकडे तग धरू शकत नाही, असं गणित २०१० मध्ये शेरवुड आणि ह्यूबर यांनी मांडलं. नंतर अमेरिकेत तरुण, धडधाकट माणसांवर प्रत्यक्ष चाचण्या झाल्या, तर दमट हवेत शरीराचा तोल ३१ च्या आसपासच सुटायला लागला. आणि ती मंडळी अगदी हलकी हालचाल करत होती, पेट्या उचलत नव्हती.

खाडीपलीकडे (सकाळी १०.४४)

सर, म्हणूनच आमच्याकडे कूलर चालत नाही तर! मागच्या वर्षी पुण्याच्या भावाने मोठ्या प्रेमाने पाठवला. खोलीत नुसती ओल झाली, पापड मऊ पडले आणि आईचे गुडघे धरले.

प्रयोगवही (सकाळी १०.५८)

@खाडीपलीकडे, अगदी तेच कारण. कूलर हवेला ओल्या फुग्याच्या तापमानाच्या खाली नेऊच शकत नाही. विदर्भात ४२ वरून २५-२६ पर्यंत उतरवेल. इथे ३३ वरून फार तर तिशीपर्यंत, आणि वर बाष्प वाढवणार. कोकणात पंखा आणि उघडी खिडकी, आणि खिडकीतून येणारा वारा.

दर्यावर्दी_मालवण (सकाळी ११.३०)

वाऱ्याचा विषय काढलात म्हणून लिहितंय. आमचे आजोबा म्हणायचे, "पारो बघू नको, वारो बघ." पहाटे मतलई जमिनीकडून दर्यात जाता, त्या वाऱ्यावर होड्यो भायर पडतत. मग मधेच वारो पडता. नऊ ते अकरा-बारा, कधी एक वाजेपर्यंत. ती वेळ सगळ्यात वाईट. ऊन चढलेला, वारो नाय, दर्या तेलासारखो. मगे दर्यावरचो वारो सुटता आणि जीवात जीव येता.

बरेच जण समजतात की दुपारी दोन म्हणजे सगळ्यात जास्त उकाडा. बंदरावर विचारा, सकाळी अकराला जाळी विणायला कोणी बसत नाही, सगळे चार वाजता बसतात. पारा दोन्ही वेळेला एकच असेल, कदाचित चारलाच जास्त असेल.

वाशिष्ठी (दुपारी १२.१५)

दर्यावर्दीदादा, तुमचं नशीब चांगलं. आम्ही चिपळूणकर काय करणार? चहूबाजूंनी डोंगर, मध्ये वाटी, समुद्र सरळ रेषेत फार लांब नाही पण वारा डोंगर चढून येईपर्यंत संध्याकाळ होते. माझं सासर गुहागर, माहेर चिपळूण. मे महिन्यात गुहागरला दुपारी ओटीवर झोप लागते. चिपळूणला त्याच वेळी अंगाची कायली. खेड, महाड, माणगाव यांचीही तीच गत. 'कोकण' म्हणून एकच आकडा सांगतात तेव्हा मला राग येतो.

आणि भिऱ्याचं कोणी का बोलत नाही? २८ मार्च २०१७ ला तिथे ४६.५ अंशांची नोंद झाली होती, तीही कोकणात, रायगड जिल्ह्यात!

आकडेमोड (दुपारी १.०२)

@वाशिष्ठी, भिरा घाटाच्या अगदी पायथ्याला. तिथे पूर्वेच्या वाऱ्याची गोष्ट लागू होते. मार्चमध्ये कधीकधी देशावरचा कोरडा वारा सह्याद्री ओलांडून खाली उतरतो. हवा खाली उतरताना दाबली जाते आणि दर शंभर मीटरला जवळजवळ एक अंशाने तापते. म्हणजे घाटमाथ्यावर ३७-३८ असलेली हवा सहाशे-सातशे मीटर उतरून पायथ्याशी ४४ च्या घरात जाते. त्यात समुद्रावरचा वारा अडून बसला की झालंच.

मुंबईतही तेच. सांताक्रूझचा विक्रम १४ एप्रिल १९५२ चा, ४२.२ अंश. मार्चमधला २८ मार्च १९५६ चा, ४१.७. दोन्ही महिने पावसाआधीचे, पूर्वेचा वारा आणि खाऱ्या वाऱ्याची ओढाताण चालते तो काळ. खारा वारा अकरा-बाराला आत शिरला तर पारा ३२-३३ वर थोपतो, दोन-तीनपर्यंत आला नाही तर ३८-३९.

पण लक्षात घ्या, हे दिवस कोरडे असतात. घाम वाळतो. बातम्या या दिवसांच्या होतात. माणसं मात्र मे महिन्याच्या ३४ मध्ये जास्त हैराण होतात आणि त्याची बातमी होत नाही.

चाकरमानी_डोंबिवली (दुपारी १.४०)

मी दर मे महिन्यात लांज्याला गावी येतो. पहिला आठवडा माझी आणि मुलांची अक्षरशः वाट लागते, घामोळं, डोकं जड, भूक नाही. काकी मात्र त्याच उन्हात आरामात आंबोशी वाळत घालते. मग दुसऱ्या आठवड्यात आम्हीही माणसात येतो, आणि सुट्टी संपते. हे मनाचं असतं की शरीराचं?

प्रयोगवही (दुपारी २.१०)

पूर्ण शरीराचं. उष्ण हवेत रोज थोडं काम केलं तर एक-दोन आठवड्यांत घाम लवकर सुटायला लागतो, जास्त सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. हृदयाचे ठोकेही कमी वाढतात. दिवसरात्र एसीत राहणाऱ्याला ही सवय लागत नाही. म्हणून मुंबईहून आलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी फणसावर चढू नये.

चाकरमानी_डोंबिवली (दुपारी २.१४)

फणसावर नाही चढलो सर, पण हौसेने विहीर उपसायला गेलो होतो. काकीने बाहेर काढून सावलीत बसवलं. 😄

चिरेबंदी (दुपारी ३.२५)

घरं बांधतो म्हणून माझ्या बाजूने एक मुद्दा. सगळे हवेबद्दल बोलताय, छताबद्दल कोणीच नाही.

सड्यावरचा, तुमच्या शेडमध्ये हवेचं तापमान बाहेरच्यापेक्षा चार-पाच अंशच जास्त असेल. पण पत्र्याला खालून हात लावून बघा, ठेवता येणार नाही. तो तापलेला पत्रा दिवसभर डोक्यावर, खांद्यावर उष्णता फेकत असतो. हवा मध्ये असो नसो, ती किरणं थेट अंगावर येतात. त्यामुळे दोन ठिकाणी थर्मामीटर ३६ च दाखवेल, पण एका ठिकाणी वर झापांचा मांडव आहे आणि दुसऱ्या ठिकाणी पत्रा, तर माणसाला आकाशपाताळाचा फरक जाणवेल. हवामान खात्याचा थर्मामीटर पांढऱ्या, फटींच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर, मोकळ्या जागेत असतो. त्यात मुद्दाम ऊन आणि धग लागू देत नाहीत. ते शास्त्राला बरोबर आहे. पण तुमच्या बायका त्या पेटीत बसून आंबे भरत नाहीत.

आजोबांच्या घरी चिऱ्याच्या जाड भिंती, वर कौलं, कौलांच्या फटीतून गरम हवा निघून जायची, खाली शेणाने सारवलेली जमीन, पश्चिमेला पडवी. आता सगळ्यांना स्लॅब हवा. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री दोनपर्यंत खोलीत सोडत राहतो. वर गच्चीवर चुना मारा म्हटलं तर लोकांना ते गरिबीचं वाटतं.

आणि कातळ विसरू नका. सड्यावरचा कातळ दुपारी इतका तापतो की संध्याकाळी सात वाजता अनवाणी उभं राहिलं तर तळव्याला कळतं. वरून पत्रा आणि खालून कातळ, मध्ये माणूस.

सड्यावरचा (दुपारी ४.५०)

चिरेबंदी, तुमचं वाचून उठलो आणि शेडमध्ये जाऊन आलो. पत्र्याच्या खालच्या अंगाला हात टेकवत नाही, खरंच आहे. मी आजवर शेडमध्ये पंखे वाढवत होतो. छताकडे बघितलंच जात नाही कारण पंखा फिरतोय म्हणजे सोय केली असं वाटतं.

ओवळीची_फुलं (संध्याकाळी ६.१०)

माझी आई बावीस-पंचवीस वर्षं अशाच एका शेडमध्ये पेट्या भरायला जात होती. एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. उतरवलेला आंबा बागायतदार पाच मिनिटंही उन्हात ठेवू देत नाहीत, झाडाखाली पालापाचोळा अंथरतात की जमिनीची धग लागून साका धरू नये, म्हणजे आतला गर खराब होऊ नये. फळाला धग सोसत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. मग फळ हाताळणाऱ्या बाईला ती सोसते असं कोणी ठरवलं?

सड्यावरच्या दादांवर रोख नाही. त्यांनी निदान विचारलं.

खाडीपलीकडे (संध्याकाळी ६.२२)

ओवळीताई, +१०० 🙏

सरकारी_पांढरा_कोट (रात्री ८.४५)

ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. दोन गोष्टी कळकळीने.

पहिली, वऱ्हाडी दादांचं एक वाक्य. "घामाने वैताग येणं वेगळं आणि जिवाला धोका वेगळा." किनाऱ्यावर हे वेगळं राहत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर भर दुपारी उघड्यावर बसलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने दगावले. त्या दिवशी नवी मुंबईत पारा काही पंचेचाळीस नव्हता, ३८ च्या आसपास होता. दमट हवा, डोक्यावर ऊन, तासन् तास बसणं, गर्दी, आणि त्यात वयस्कर माणसं.

दुसरी, बऱ्याच लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की उष्माघातात घाम थांबतो, अंग कोरडं पडतं. म्हाताऱ्या माणसांत बरेचदा तसं होतं. पण काम करता करता उष्माघात झालेला गडी घामाने निथळत असू शकतो. घाम येतोय म्हणजे ठीक आहे असं समजून त्याला बसवून ठेवू नका. बघायचं ते डोकं. असंबद्ध बोलतोय का, ओळख पटत नाही का, तोल जातोय का, झटका आला का. तसं असेल तर १०८ ला फोन आणि गाडी येईपर्यंत अंग थंड करणं सुरू. कपडे सैल, अंगावर पाणी ओतत राहायचं आणि पंखा लावायचा, मान, काखा, जांघेत बर्फ. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. तापाची गोळी इथे काम करत नाही.

ज्या काकूंना भोवळ आली त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे का विचारा. लघवी जास्त होणारी गोळी असेल तर उन्हाळ्यात डॉक्टरांना दाखवून घ्यावं.

वऱ्हाडी_ठेचा (रात्री ९.२०)

ताई, नीट वाचलं. खारघरचं डोक्यात नव्हतं आलं. आमच्याकडच्या पंचेचाळीसला मी अजूनही भितो आणि भ्यायलाच पाहिजे, पण ३३ ला गार हवा म्हणणं बंद. अलिबागला असताना रात्री झोप यायची नाही, ते आठवलं. अकोल्यात मे महिन्यात गच्चीवर पाणी मारून झोपलं की पहाटे चादर लागते. अलिबागला पहाटेही उशी ओली.

आकडेमोड (रात्री ९.५५)

रात्रीचा मुद्दा फार मोलाचा. कोरड्या प्रदेशात जमिनीची उष्णता रात्री सरळ आकाशात निघून जाते. आपल्याकडे हवेतलं बाष्प ती अडवतं, आणि शेजारी मे महिन्यात ३० अंशांच्या आसपास तापलेला अरबी समुद्र. किमान तापमान बऱ्याच रात्री २५-२७ च्या खाली उतरत नाही. दिवसभर तापलेल्या शरीराला सावरायला रात्रच मिळत नाही.

आता अॅपचा प्रश्न, जो राहूनच गेलाय. 'जाणवणारं तापमान' याचं मूळ रॉबर्ट स्टेडमन यांच्या १९७९ च्या कामात. त्यावरून अमेरिकेच्या हवामान सेवेने तापमान आणि आर्द्रतेचा 'उष्णता निर्देशांक' बसवला. ३३ अंश आणि ७० टक्क्यांना तो ४३ येतो, सड्यावरच्यांचं पहिलं अॅप तेच वापरतंय. ४२ अंश आणि १५ टक्क्यांना तो ४० च येतो, म्हणजे नागपूरला कागदावर पाऱ्यापेक्षा कमी! काही अॅप वारा धरतात, काही ऊनही धरतात, म्हणून तीन अॅप तीन आकडे. शिवाय बहुतेक अॅपचा आकडा तुमच्या गावातल्या थर्मामीटरचा नसतोच, मोठ्या चौकोनासाठी संगणकाने काढलेला असतो. सडा आणि खाडी एकाच चौकोनात.

निर्देशांक गृहीत धरतो की माणूस सावलीत आहे आणि थोडा वारा आहे. थेट उन्हात त्यात आठेक अंशांपर्यंत भर पडू शकते.

आपलं हवामान खातं २०२३ पासून असे निर्देशांकाचे नकाशे प्रायोगिक म्हणून काढतं. पण उष्णतेची लाट जाहीर करण्याचा निकष पाऱ्यावरच आहे. किनाऱ्यासाठी कमाल ३७ किंवा वर आणि सरासरीपेक्षा निदान ४.५ अंश जास्त. म्हणजे ३४ अंशांचा कुंद दिवस कितीही जीवघेणा असला तरी 'लाट' होत नाही. 'उष्ण व दमट हवामान' असा इशारा तेवढा येतो. लोक लाट शब्दाची वाट बघतात. मला वाटतं, कोकणात त्या दमटच्या इशाऱ्यालाच लाटेइतकं गंभीर धरलं पाहिजे.

पावसाळी_भटका (रात्री १०.३०)

थोडं अवांतर. याच गोष्टीची उलट बाजू मला जुलैत कुडाळहून आंबोलीला बाईकने जाताना दिसते. पारा २२-२३, ज्या तापमानाला पुण्यात पंखा लावतात. पण भिजलेला शर्ट, समोरून वारा, आणि पारपोलीच्या वळणांवर दात वाजायला लागतात. धबधब्याजवळच्या टपरीत चहा घेताना बोटं वळत नाहीत. तिथे ओल्या कपड्यातलं पाणी वारा झटाझट उडवतो आणि अंगातली उष्णता नेतो.

मिऱ्याकाठ (रात्री १०.४१)

@पावसाळी_भटका, आज मे महिन्यात हे वाचून इतकं बरं वाटलं! अजून लिहा. 😄

प्रयोगवही (१० मे, सकाळी ६.५०)

अवांतर अजिबात नाही, तोच नियम आहे. आणि सगळ्यांना एक सूचना, टक्क्यांवर जाऊ नका. पहाटे २५ अंशांना आर्द्रता ९० टक्के दिसते, दुपारी ३३ ला ६० टक्के. वाटतं की दुपारी हवा कोरडी झाली. प्रत्यक्षात दोन्ही वेळेला एका घनमीटर हवेत एकवीसेक ग्रॅमच बाष्प असतं, गरम हवेची धारणशक्ती वाढल्याने टक्के उतरतात इतकंच.

सड्यावरचा, कामाच्या वेळेसाठी उष्णता निर्देशांकापेक्षा एक बरं माप आहे. १९५० च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षण तळांवर उन्हाने सैनिक दगावू लागले तेव्हा ते तयार झालं. ओल्या फुग्याचे ७० टक्के आणि काळ्या गोळ्यातल्या थर्मामीटरचे ३० टक्के, ही छपराखालची रीत. उन्हात असाल तर गोळ्याचे २० आणि साध्या पाऱ्याचे १०. काळा गोळा छताची धगही पकडतो. पिंगपाँगचा चेंडू काळा रंगवून आत थर्मामीटर बसवला तरी कामापुरतं भागतं. सवय झालेल्या माणसासाठी आंतरराष्ट्रीय मानकात स्वस्थ बसायला ३३, हलक्या कामाला ३० आणि मध्यम कामाला २८ अशा मर्यादा धरतात. त्यावर गेलं तर काम थांबवत थांबवत करायचं.

सड्यावरचा (१२ मे, रात्री ९.१५)

उशिरा येतोय, गाडी भरायची होती. सरांनी सांगितल्याप्रमाणे मुलीने दोन थर्मामीटर आणि काळा चेंडू असं बसवलं. दुपारी अडीचचे आकडे देतो.

बाहेर मोठ्या कलमाखाली, वारा लागत असताना: कोरडा ३३, ओला २८, काळा चेंडू ३५. हिशेब ३० च्या किंचित वर.

शेडमध्ये, पंखे चालू असताना: कोरडा ३८, ओला २९.५, काळा चेंडू ४२. हिशेब ३३ च्या वर.

म्हणजे माझ्या शेडमध्ये दुपारी मध्यम काम तर सोडाच, स्वस्थ बसायचीही मर्यादा ओलांडलेली होती, आणि तिथून शंभर पावलांवर कलमाखाली निदान हलकं काम थांबत थांबत करता आलं असतं. मी सगळ्यांना मुद्दाम 'सावलीत' म्हणून शेडमध्ये बसवत होतो.

आता असं ठरवलंय. प्रतवारी आणि भरणी कलमांखाली, झापांचा मांडव घालून, समुद्राकडची बाजू मोकळी. पत्र्यावर झापं टाकली, आतून चटया लावतोय. काम सकाळी सहा ते साडेदहा आणि दुपारी साडेतीन ते साडेसहा.

ओवळीची_फुलं (रात्री ९.४०)

दादा, मनापासून आभार. पण सहाला कामावर यायचं म्हणजे बाईला चारला उठावं लागतं. पाणी भरणं, भाकऱ्या, मुलांचं. आणि मेमध्ये पाण्याचा टँकर सकाळीच येतो. मधल्या पाच तासांत घरी जाऊन परत यायचं तर लांबच्या वाडीतल्या बायकांची उन्हात दोनदा पायपीट. वेळा ठरवताना त्यांना विचारलंत का? आणि मजुरी पेटीवर असेल तर कोणी थांबणारच नाही, भोवळ येईपर्यंत भरत राहतील. आईने तेच केलं.

वाशिष्ठी (रात्री ९.५२)

ओवळी अगदी बरोबर बोलतेय. सावली, पाणी, सगळं दिलं तरी पेटीवर पैसे असतील तर विश्रांती म्हणजे तोटा.

सरकारी_पांढरा_कोट (रात्री १०.०५)

आणखी एक. बायका कामावर पाणी कमी पितात कारण जवळ आडोसा नसतो. मूत्रमार्गाचा संसर्ग घेऊन मेमध्ये किती जणी येतात ते मी बघते. मांडवाजवळ संडासाची सोय करा, पाण्याचं प्रमाण आपोआप वाढेल.

सड्यावरचा (१३ मे, सकाळी ६.१०)

ओवळीताई, काल रात्रीच फोन करून विचारलं. त्यांचं म्हणणं, सात ते अकरा आणि साडेतीन ते सात. मधल्या वेळात ज्यांना घरी जायचं नाही त्यांनी आमच्या पडवीत आडवं व्हावं, लांबच्यांना मी टेम्पोने सोडतो-आणतो. अकरा उशीर होतोय, दर्यावर्दीदादांनी सांगितलेली वारा पडायची वेळ तीच. म्हणून साडेनऊनंतर काळा चेंडू आणि ओली वात बघून थांबायचं, तो निर्णय त्यांच्यातल्याच एका काकूंच्या हातात दिलाय. या हंगामापुरती मजुरी पेटीवरून रोजावर आणली. घरात थोडी कुरबुर झाली, ती मी बघून घेईन. संडासाचं काम चिरेबंदींना विचारून आजच सुरू करतोय.

चिरेबंदी (सकाळी ६.४४)

दुपारनंतर येतो. जागा वाऱ्याच्या खालच्या अंगाला, विहिरीपासून लांब काढून ठेवा. येताना मांडवाची उंचीही बघू, झापं डोक्यापासून निदान चार हात वर पाहिजेत, नाहीतर गरम हवा खालीच कोंडते.

दर्यावर्दी_मालवण (सकाळी ७.०२)

सड्यावरच्या, मांडवाचा तोंड नुसता पश्चिमेक करू नको, वायव्येक थोडा फिरव. मे म्हयन्यात दुपारचो वारो थयसूनच येता.

खाडीपलीकडे (सकाळी ७.३०)

सर, ती मलमलची वात किती दिवसांनी बदलायची? आमच्याकडे पाण्यात क्षार आहेत, कालपासून कडक झालीये आणि दोन्ही थर्मामीटर जवळजवळ सारखेच दाखवतायत.

प्रयोगवही (सकाळी ७.४८)

कडक झाली की लगेच बदला, नाहीतर ओला फुगा खोटा चढा आकडा दाखवतो. जुन्या धोतराचं धुतलेलं मऊ कापड चालेल, नवं खळीचं नको. पाणी पावसाचं साठवलेलं असेल तर उत्तम, नसेल तर औषधाच्या दुकानातलं डिस्टिल्ड. विहिरीचं नुसतं उकळून क्षार जात नाहीत.